विश्वास यंत्रावर की यंत्रामागच्या हातावर?

गेल्या तीन-चार वर्षांत मराठी साहित्यिक व्यासपीठांवर कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी पुष्कळ बोलले गेले. यंत्र कविता लिहील काय, अनुवादकाचे पुढे काय होणार, लेखनावरचा हक्क कोणाचा, हे प्रश्न आस्थेने मांडले गेले आणि आम्हीही ते आस्थेनेच ऐकले. परंतु या साऱ्या चर्चेत एक माणूस जवळजवळ गैरहजर असल्याचे आम्हांला जाणवत राहिले. तो माणूस म्हणजे कारखान्यातील कामगार. लेखकाच्या टेबलाशी हे यंत्र पाहुणा म्हणून आले आहे. कामगाराच्या शेजारी ते सोबती म्हणून आणि पुष्कळदा मुकादम म्हणून उभे आहे. त्याने या यंत्रावर विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा केली जाते. हा विश्वास म्हणजे नेमके काय, हे तपासणे वाङ्मयविचाराच्या कक्षेबाहेरचे नाही, असे आमचे मत आहे. मराठी साहित्याने हा प्रश्न निराळ्या शब्दांत पूर्वीच विचारला आहे.

बडोद्याच्या वाचकाला तर हा विषय परका वाटण्याचे कारणच नाही. १८९० मध्ये महाराज सयाजीराव गायकवाडांनी येथे कलाभवन स्थापन केले आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे त्याची धुरा सोपवली. तेथील तांत्रिक शिक्षणात देशी भाषेला स्थान होते, हा त्या संस्थेचा विशेष आम्हांला आज अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्याला यंत्राविषयी आपल्या भाषेत प्रश्न विचारता येतो, तोच त्याच्यावर डोळसपणे विसंबू शकतो. पुढे १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याची तंत्रशाखा बनले. गायकवाडांच्या दौलतीबरोबर येथे आलेल्या आपल्या घराण्यांतील पुढच्या पिढ्या तलवार आणि दौत बाजूला ठेवून कोयलीची रिफायनरी, रसायनांचे कारखाने, मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत येथे रुजू झाल्या. २०२४ च्या ऑक्टोबरात याच शहरात सी-२९५ विमानांच्या जोडणीच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. तेव्हा यंत्राचा प्रश्न हा आपल्या घरातलाच प्रश्न आहे.

कारखान्यात ही नवी बुद्धिमत्ता करते तरी काय? पंपावर वा मोटरीवर बसवलेला संवेदक कंपने मोजतो आणि बेअरिंग केव्हा निकामी होईल याचे भाकीत करतो. पट्ट्यावरून सरकणाऱ्या मालातला दोष कॅमेरा टिपतो. दुसरा कॅमेरा कामगाराच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे की नाही, हात धोक्याच्या रेषेपलीकडे गेला काय, हे पाहतो. तोच कॅमेरा कामगार किती वेळ जागेवर नव्हता, हेही मोजू शकतो. वीस वर्षे एका यंत्राशी वावरलेल्या फिटरला बेअरिंगचा बिघाड आवाजावरून कळतो. कान हेच त्याचे उपकरण असते. नवे यंत्र त्याच्या कानाशी स्पर्धा करते. परंतु फिटरला ‘कशावरून?’ असे विचारले तर तो काही सांगू शकतो. यंत्र पुष्कळदा केवळ एक आकडा दाखवते. विश्वासाची अडचण येथून सुरू होते.

आता आपल्या साहित्याकडे वळू. मामा वरेरकरांनी गिरणीकामगारांवर कादंबरी लिहिली तेव्हा तिला ‘धावता धोटा’ हे नाव दिले. मागाचा एक अवयव कादंबरीच्या शीर्षकात आला, ही मराठीत लहान घटना नव्हती. त्याच काळाच्या आगेमागे, १९२८ मध्ये, मुंबईच्या गिरणीकामगारांनी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप केला. त्यामागच्या कारणांत एक मोठे कारण होते ‘सुसूत्रीकरण’: एका विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, ही मालकांची नवी पद्धत. पुढे फॉसेट समितीपुढे तिची चौकशी झाली. या प्रसंगाचे मर्म आम्हांला असे दिसते की, त्या विणकराचे मागाशी वैर नव्हते. मागावर तर त्याचे पोट होते. तिसरा माग वाढल्यावर शेजारचा किती जणांचा रोजगार जाईल, मोबदला काय मिळेल आणि हे ठरवताना आपल्याला कोणी विचारले काय, हे त्याचे प्रश्न होते. अविश्वास लोखंडावर नव्हता, हिशेबावर होता.

मर्ढेकरांच्या कवितेत यंत्रयुग आले ते अर्थातच निराळ्या अंगाने. १९४७ च्या ‘काही कविता’ या संग्रहाने यांत्रिक जगण्यातली माणसाची शकले मराठी कवितेत प्रथमच इतक्या निष्ठुरपणे दाखवली. त्या कवितेचे मोठेपण मान्य करूनही म्हणावे लागते की, तिथले यंत्र नगरवासी संवेदनेने पाहिलेले यंत्र आहे. ते चालवणाऱ्या हाताचे ज्ञान तिच्या दृष्टिक्षेपात फारसे येत नाही. ही उणीव नारायण सुर्व्यांनी भरून काढली. लहानपणी गिरणीत राबलेल्या या कवीच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहाच्या नावातच कामगार ज्ञानाचा धनी म्हणून उभा आहे. आणि जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात १९८२ च्या संपानंतरचे गिरणगावातले कुटुंब दिसते. तेथे भोंगा थांबला आहे आणि यंत्राबरोबर माणसाची पतही गेली आहे. हे चार टप्पे एकत्र ठेवले म्हणजे एक सूत्र हाती येते: मराठी साहित्यातला कामगार यंत्राला भीत नाही, आपल्याला न विचारता यंत्राच्या नावाने घेतलेल्या निर्णयाला तो भितो.

पाश्चात्त्य साहित्याने हा प्रश्न अधिक भडक रंगात रंगवला. कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकाने ‘रोबो’ हा शब्द जगाला दिला. त्याचे मूळ वेठबिगारीच्या अर्थाच्या चेक शब्दात आहे. तेथे यंत्रच बंड करते. आमच्या मते ही कल्पना आकर्षक असली तरी दिशाभूल करणारी आहे. आजच्या कारखान्यातला धोका यंत्राच्या बंडात नसून माणसाच्या मुकाट्यात आहे. राजा परासुरामन आणि व्हिक्टर रायली यांनी १९९७ च्या एका निबंधात स्वयंचलित यंत्रणेशी माणसाच्या वागण्याची वर्गवारी केली. तिच्यात योग्य वापराबरोबरच फाजील विसंबणे आणि अकारण टाळणे हे दोन्ही दोष सांगितले आहेत. खोट्या इशाऱ्यांनी कावलेला कामगार खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करतो. उलट आकड्यावर डोळे मिटून विसंबलेला कामगार समोरची भेग पाहत नाही. म्हणजे अधिक विश्वास हा नेहमीच चांगला, असे नाही. विश्वास योग्य मापाचा हवा, आणि मापासाठी कारण कळावे लागते.

येथे व्यवस्थापनाची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. वायुगळती आधी ओळखणारा, प्रेसखाली हात जाण्यापूर्वी यंत्र थांबवणारा संवेदक कामगाराचाच जीव वाचवतो. त्याला सरसकट विरोध करणे अविवेक होय. परंतु जीव वाचवणारा डोळा आणि हजेरी मोजणारा डोळा एकच असला, की पहिल्याच्या पुण्याईवर दुसरा खपवला जातो. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात या यंत्रणा बसवण्यापूर्वी कामगारांना कळवण्याची तरतूद केली, आणि कामाच्या जागी माणसाच्या भावना ताडणाऱ्या यंत्रणांना, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, मनाई केली. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत, कामगारकपातीचा संभव असलेल्या सुसूत्रीकरणाची पूर्वसूचना देण्याचे बंधन जुन्या कायद्यातून चालत आले आहे. १९२८ चा तो शब्द असा आजही जिवंत आहे. मात्र केवळ पाहणाऱ्या आणि गुण देणाऱ्या यंत्राचा तेथे स्वतंत्र उल्लेख नाही.

कायद्याची उणीव कायदेपंडित भरून काढतील. साहित्याची उणीव आपल्याला भरून काढावी लागेल. कॅमेऱ्याखाली पाळी करणाऱ्या माणसाची, आपला कान आकड्यापुढे खोटा ठरताना पाहणाऱ्या फिटरची, कंत्राटावर आलेल्या आणि प्रश्न विचारण्याची सोयच नसलेल्या तरुणाची कथा मराठीत यावयास हवी. ती बडोद्यातून यावी अशी आमची इच्छा आहे, कारण मराठी घर आणि गुजराती कारखाना यांच्यामधली ये-जा येथल्या लेखकाला अंगवळणी आहे. ती लिहिताना यंत्राला राक्षस करू नये आणि देवही करू नये. खंडेनवमीला आपण हत्याराला फूल वाहतो ते त्याच्यापुढे प्रश्न गिळण्यासाठी नव्हे. ज्याला ‘कशावरून?’ असे विचारण्याची मुभा आहे आणि उत्तर न पटल्यास यंत्र थांबवण्याचा अधिकार आहे, त्याच्याच विश्वासाला विश्वास म्हणता येईल. बाकीच्याला आपली भाषा निमूटपणा म्हणते.