भोजनातील मात्रा : दोणपाक सुत्ताचे अपुरे वाचन

सजगतेने जेवावे, हा उपदेश अलीकडे आहारविषयक पुस्तकांतून व व्याख्यानांतून वरचेवर ऐकू येतो. घास सावकाश चावावा, पोट तुडुंब भरू नये, जेवताना लक्ष अन्नावर असावे, असे त्याचे स्वरूप असते. त्याला बौद्ध आधार म्हणून संयुत्त निकायातील दोणपाक सुत्त पुढे केले जाते. हा आधार खरा आहे. परंतु त्याचे जे वाचन होते ते अपुरे आहे, असे आमचे मत आहे.

सुत्तातील प्रसंग लहानसाच आहे. कोसलाधिपती पसेनदी दोणभर भात खाऊन धापा टाकीत भगवंतांकडे येतो. भगवंत एक गाथा सांगतात : जो सदैव स्मृतिमान असतो आणि मिळालेल्या भोजनाची मात्रा जाणतो, त्याच्या वेदना कमी होतात. राजा सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास सांगतो आणि रोज जेवणाच्या वेळी ती म्हणण्याबद्दल शंभर कहापण देऊ करतो. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर येतो व शरीर हलके होते.

येथे ‘सति’ या शब्दाचा मूळ अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. सति म्हणजे स्मरण. राजाला भूक किती आहे याचे स्मरण राहत नाही, म्हणून ते दुसऱ्याच्या मुखातून, तेही मोल देऊन, करून घ्यावे लागते. कथेतील हा सूक्ष्म उपरोध आरोग्याच्या उपदेशात हरवतो. शिवाय हे सुत्त अतिभोजन करणाऱ्याला सांगितलेले आहे, ही गोष्टही विसरली जाते.

जो उपाशी आहे त्याला काय सांगितले? धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या गरीब शेतकऱ्याची कथा येते. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटीच धम्म ऐकावयास आला. त्याच्यासाठी थांबलेल्या भगवंतांनी प्रथम त्याला जेवू घालण्यास सांगितले आणि त्यानंतर उपदेश केला. भिक्खूंमध्ये कुजबुज झाली, तेव्हा भूक हा सर्वांत मोठा रोग आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. पसेनदीला घास कमी करावयास सांगणारा आणि शेतकऱ्याला वाढावयास लावणारा शास्ता एकच आहे. दोन्ही कथा एकत्र वाचल्या, तरच ‘मात्रा’ या शब्दाचा अर्थ पूर्ण होतो.

विनयातही हेच दिसते. सेखियांच्या ७५ नियमांपैकी ३० भोजनासंबंधी आहेत. मोठा घास घेऊ नये, चपचप आवाज करू नये, हे त्यांत आहे. तसेच अधिक मिळावे म्हणून कालवण भाताखाली झाकू नये आणि दोष काढण्याच्या हेतूने दुसऱ्याच्या पात्रात पाहू नये, हेही आहे. येथे सजगता शेजाऱ्यापर्यंत पोचते. चुल्लवग्गात तर पहिले आसन, पहिले पाणी व पहिला पिंड कोणाला, असा प्रश्न निघतो. काही भिक्खू खत्तिय कुळातून आलेल्याचे नाव घेतात, काही ब्राह्मण कुळातून आलेल्याचे. भगवंत कुळाचा निकष नाकारून उपसंपदेची ज्येष्ठता ठरवितात.

ज्या समाजात पंगतीची जागा जन्मावरून ठरत असे, त्यातून आलेल्या वाचकाला या प्रसंगाचे मोल वेगळे सांगावयास नको. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस व उष्टे तुकडे सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा आपल्या माणसांपुढील प्रश्न अतिभोजनाचा नव्हता. आपण काय खातो आणि ते कोणाच्या हातून कसे स्वीकारतो, हा होता. तीही भोजनातील स्मृतीच होती, आणि तिच्यात स्वाभिमान होता.

म्हणून सावकाश चावण्याचा उपदेश त्याज्य नव्हे. तो अपुरा आहे. विहारातील भोजनदानाच्या वेळी आपल्या ताटातील मात्रा पाहणाऱ्याने पंगतीच्या शेवटच्या ताटाकडेही पाहावे. तेथे अन्न पोचले नसेल, तर आपली सजगता पसेनदीच्या सुदस्सनासारखी उसनी आहे, असे समजावे.