धुराची चव

अमेरिकेत टेक्ससला ‘ब्रिस्केट’ म्हणजे गाईच्या छातीचं मांस ओंडक्यांच्या मंद धुरात दहा-बारा तास ठेवतात. चिवटपणा हळूहळू विरघळतो, ही त्यातली खरी करामत. आपल्याकडे गाय आधीपासूनच वर्ज्य, २०१५ च्या कायद्यानं बैलही सुटला. तेव्हा मुलुंडचे हौशी लोक मटणावर भागवतात. आणि बारा तासांचा धूर? तो पाच मिनिटांत! वाटीत निखारा, वर तुपाची धार, पातेल्यावर झाकण. झाली धुरी! याला टेक्सस म्हणायचं तर गॅलरीतल्या तुळशीला जंगल म्हणावं लागेल. अर्थात सोसायटीत बारा तास धूर काढलाच, तर आधी सेक्रेटरी येईल, मग बंब.

माझी तक्रार मात्र वेगळीच आहे. हायवेवर ‘चुलीवरचं मटण’ अशी पाटी दिसली की आपल्या तोंडाला पाणी सुटतं. आमच्या आजीच्या डोळ्यांना सुटायचं. जन्मभर तिनं तो धूर गिळला, खोकत खोकत भाकऱ्या थापल्या. पण त्याला ‘चव’ म्हणाली नाही. मुलुंडला आली, तेव्हा तिनं देवाआधी गॅसच्या शेगडीला नमस्कार केला. धुरी द्या हो, जरूर द्या. पण पाचच मिनिटं. चुलीचं कौतुक फुंकणारीनं करावं, जेवणाऱ्यानं नव्हे!