सोहिरोबानाथांचा उत्तरेकडील प्रवास

संतचरित्र लिहिताना आपले लेखक चमत्कारापाशी थांबतात आणि माणूस तेथेच हातचा जातो. सोहिरोबानाथ आंबिये यांच्या बाबतीत हे विशेष जाणवते. 1714 मध्ये जन्मलेले हे बांद्याचे कुळकर्णी इन्सुलीच्या रानात फणस खाण्यास थांबले, तेथे गैबीनाथांनी दर्शन दिले आणि त्यांनी दप्तर सोडले, ही कथा सर्वजण प्रेमाने सांगतात. दप्तर लिहिणाऱ्याचे मन त्यापूर्वी कशाने विटले होते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

येथे त्यांचे समकालीन अमेरिकन उपदेशक जॉन वूलमन (1720–1772) आठवतात. क्वेकर पंथाचे हे गृहस्थ शिंपीकाम करीत आणि उपदेशासाठी गावोगाव हिंडत. तेही एके काळी लेखणीचेच चाकर. तरुणपणी धन्याच्या सांगण्यावरून त्यांनी एका गुलाम स्त्रीचे विक्रीखत लिहून दिले. त्या वेळची मनाची टोचणी त्यांच्या 1774 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात नोंदलेली आहे. पुढे गुलाम बाळगणाऱ्या यजमानाकडे उतरल्यास ते सेवेचा मोबदला देऊ लागले. फिरत्या उपदेशकाची खरी परीक्षा पाहुणचारात होते, ती अशी.

सोहिरोबांचीही तेथेच झाली. उतारवयात ते उत्तरेस गेले. ग्वाल्हेरीस महादजी शिंद्यांनी आपली कविता त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा त्यांनी तिची स्तुती केली नाही आणि अवधूताला कोणाची गरज नसते या आशयाचे हिंदी पद म्हटले, असे परंपरा सांगते. राजा आणि विरक्त यांचा हा सामना ठरीव साच्याचा आहे, हे मान्य करावे लागेल. पण येथे प्रश्न द्रव्याचा नसून काव्याच्या पारखीचा आहे. म्हणून तो मला खरा वाटतो. चरित्रकारांना एक पेच मात्र दिसत नाही. उज्जैनीस त्यांना आधार दिला तो जिवबादादा केरकरांनी, म्हणजे त्याच महादजींच्या सेनानीने. मग ती निःस्पृहता कितपत निराधार होती?

उत्तर पदांतच शोधले पाहिजे. ‘सिद्धान्तसंहिता’, ‘पूर्णाक्षरी’ या मराठी ग्रंथांत तत्त्व विस्ताराने मांडणारा गुरू बोलतो. हिंदी पदांतला आवाज अधिक तुटक, अधिक बेपर्वा. भाषा बदलली तशी श्रोत्याशी असलेली नातीही बदलली. चरित्रे 1792 साली ते उज्जैनीस ‘गुप्त झाले’ असे सांगून संपतात. माळव्यातील एखाद्या अध्यापकाने ती हिंदी पदे मराठी ग्रंथांशेजारी ठेवून वाचावीत. ‘गुप्त’ झालेल्या त्या माणसाचा माग तेथे अजून लागण्याजोगा आहे.