‘गुणि बाळ असा’ : अंगाईतील निद्रा आणि भय

गोविंदाग्रज, म्हणजेच राम गणेश गडकरी (1885–1919), यांचे ‘गुणि बाळ असा’ हे गीत रूपाने अंगाई असले, तरी सामान्यतः ते शिवभक्तीचे गीत म्हणूनच ऐकले जाते. त्यामुळे अंगाई या प्रकाराच्या कसोटीवर ते कितपत उतरते, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. तो उपस्थित करणे आवश्यक आहे. कारण या गीताचे मर्म त्याच प्रश्नात दडलेले आहे.

ओवीबद्ध अंगाईला ठराविक शेवट नसतो. मूल झोपेपर्यंत ती चालते, आणि ते झोपले की कडव्याच्या मध्येही थांबते. तीत पुनरुक्ती हा दोष नसून साधन होय. शब्द तेच राहतात, आवाज मात्र उतरत जातो. आईचे सान्निध्य प्रथम मांडीचे, मग पाळण्याच्या दोरीचे आणि शेवटी केवळ स्वराचे उरते. बालनिद्रेविषयीचे आजचे ज्ञान याच क्रमाला पुष्टी देते. 2009 साली जोडी मिंडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 405 मातांच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासात स्नान, मर्दन आणि शांत सहवास असा रोजचा क्रम ठेवल्याने लहान मुलांची झोप सुधारल्याचे आढळले. मातांच्या मनःस्थितीतही सुधारणा दिसली. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली 1 ते 2 वर्षांच्या मुलास 11 ते 14 तास आणि 3 ते 4 वर्षांच्या मुलास 10 ते 13 तास झोप सुचविताना, झोपण्याउठण्याच्या वेळा नियमित असाव्यात असेही सांगितले.

गडकऱ्यांच्या गीताची गती नेमकी याच्या उलट आहे. आरंभी मध्यरात्र उलटली असून आईचे सारे उपाय हरले आहेत. पुढे बारा मावळ, जुन्नर, कोकण असा प्रदेश निजलेला दाखविला आहे. येथवर अंगाईचा धर्म पाळला जातो. मग मात्र बागुलबोवा अवतरतो, आणि त्याला सिद्दी, अफझलखान, मुलुखमैदान अशी नावे मिळतात. स्वर उतरण्याऐवजी चढतो. गीत विसाव्याकडे न जाता संकटाकडे जाते. ज्या अफझलखानाचा वध 1659 साली झाला, तो 1630 साली जन्मलेल्या बालकाच्या पाळण्याशी आणून उभा करण्यात कालविपर्यास आहे. परंतु तो अजाणतेपणाचा नव्हे. सारा मुलूख निजला असता एकटे जागे राहणारे हे मूल म्हणजे त्या मुलखाचा भावी राखणदार होय. आई ‘नीज’ म्हणते, कवी मात्र त्याच्या जागरणाचेच गुणगान करतो. या विरोधातच गीताचे सामर्थ्य आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, अनेक माता हे गीत गातात आणि मुले झोपतातही. तो खरा आहे. परंतु त्याने वरील विवेचन बाधित होत नाही. तान्ह्या मुलाला शब्दार्थ कळत नाही, त्याला परिचित स्वर पुरतो. 1974 च्या ‘शिवकल्याण राजा’तील हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लता मंगेशकरांचा स्वर हे कार्य उत्तम करतात. चार वर्षांच्या मुलाला मात्र बागुलबोवा कळतो. अंधाराची भीती याच वयात वाढते, आणि भयाने डोळे मिटलेले मूल निजलेले असतेच असे नाही. म्हणजे चाल झोपविते आणि शब्द जागवितात.

हा भेद केवळ शास्त्रीय नव्हे. सिंदखेड राजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान बुलढाणा जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यातील चिखली तालुक्यात असलेल्या अमडापूरसारख्या गावाला जिजाऊ ही दूरची ऐतिहासिक व्यक्ती नव्हे, जिल्ह्याची लेक होय. जेथे गीतातील आई इतकी जवळची, तेथे तिच्या तोंडचा बागुलबोवाही आदर्श मातृत्वाचा भाग मानला जाण्याचा संभव अधिक. पण तो बागुलबोवा जिजाबाईंचा नाही, गडकऱ्यांचा आहे. आणि तो मुलासाठी नसून पारतंत्र्यात निजलेल्या प्रौढ श्रोत्यांसाठी आहे. त्यांना जागे करण्यासाठी कवीने अंगाईचे रूप उसने घेतले.

तेव्हा या गीताला उत्कृष्ट काव्य म्हणताना त्याला आदर्श अंगाई म्हणण्याचे कारण नाही. ओवी गाणाऱ्या अनामिक स्त्रीने जे साधले, ते मुलाला न भिवविता साधले. समीक्षेने तिचे श्रेय तिला द्यावे. त्याने गडकऱ्यांचे काही उणे होत नाही.