विहीणबाई आणि लोणी

सत्तरीच्या उंबरठ्यावर मी जर्मन शिकायला बसलो, तेही गुरूवाचून, मोबाइलमधल्या एका ॲपवर. कारण घरगुती आहे. चिरंजीवांनी स्टुटगार्टला संसार थाटला, आणि नातवाच्या दुसऱ्या आजीसमोर मुक्यासारखे बसणे मला बरे वाटेना.

आधी गुणांचे माप पदरात घालतो. हा शिक्षक चिडत नाही. पन्नासदा चुकलो तरी एक्कावन्नाव्या वेळी तितक्याच उत्साहाने विचारतो; आमचे संस्कृतचे गुरुजी तिसऱ्या चुकीला कान पिळीत. शब्द विसरण्याच्या बेतात आला की तो पुन्हा पुढे करायचा, ही त्याची खरी करामत. तिचे मूळ जुने आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून विस्मरणाचा हिशेब मांडला, तो १८८५ साली. सहा महिन्यांत माझ्यापाशी शेकड्यांनी शब्द जमले. ते एकमेकांशी बोलत मात्र नव्हते.

मुख्य दोष असा, की हे ॲप मला इंग्रजीच्या खिडकीतून जर्मन दाखवते. इंग्रजी नामांना व्याकरणाचे लिंग नाही, म्हणून जर्मनची तीन लिंगे तेथे मोठे संकट होऊन येतात. अहो, मराठीतही तीनच आहेत! मुलगी, म्हणजे 'मेडशेन', जर्मनमध्ये नपुंसकलिंगी, याचे इंग्रजीवाल्यांना केवढे नवल. माझ्या मालवणच्या आजोळी 'चेडू' नपुंसकलिंगीच असते. 'दू' आणि 'झी' यांचेही तेच. ते आपले तू आणि तुम्ही. इंग्रजी 'यू'मध्ये दोन्ही बुडतात. परिणामी व्हिडिओवरच्या पहिल्याच भेटीत मी विहीणबाईंना चक्क 'दू' म्हणालो! चिरंजीवांचा चेहरा पडला. बाई मात्र मनमोकळ्या हसल्या आणि मलाही 'दू' म्हणाल्या. तेथून आमचे जमले.

परवा बोलण्याच्या ओघात त्यांनी लोण्याला 'डेअर बुटर' म्हटले. ॲपमध्ये लोणी स्त्रीलिंगी, 'डी बुटर'. मी विद्यार्थ्याच्या तत्परतेने चूक दाखवली. "ते पुस्तकात. आमच्या श्वाबी बोलीत लोणी पुल्लिंगीच," असे उत्तर चिरंजीवांच्या दुभाषीपणातून आले. (आपल्याकडे ते नपुंसकलिंगी, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्या पुन्हा हसल्या.)

त्या रात्री मी ॲपवर हट्टाने 'डेअर' लिहिले. तांबडी फुली आली. मी ती तशीच राहू दिली.