नद्यांच्या संकटाचा नकाशा

‘नेचर’ या शास्त्रीय साप्ताहिकांत सप्टेंबर २०१० मध्यें व्होरोस्मार्टी व त्यांचे सहकारी यांनीं जगांतील नद्यांवरील संकटांचा एक नकाशा प्रसिद्ध केला. धरणें, शेतांतून वाहून येणारें नत्र, परके मासे इत्यादि २३ उपद्रव घेऊन, पृथ्वीचे अर्ध्या अर्ध्या अंशाचे चौकोन पाडून, साऱ्यांस त्यांनीं एकच माप लाविलें. आणि जगांतील सुमारें ८० टक्के लोकांच्या पाण्याची शाश्वती मोठ्या संकटांत आहे, असा निष्कर्ष काढिला. या निबंधाचा खरा गुण मात्र निराळाच आहे. श्रीमंत राष्ट्रांतील नद्याही पीडितच आहेत. परंतु तेथें शुद्धीकरण व जलाशय यांवर पैसा ओतून माणसाच्या घागरीपुरतें संकट टाळलें जातें, नदींतील जीवांचें तसेंच राहतें, हें त्यानें स्पष्ट दाखविलें. एवढ्यासाठींच तो वाचावा.

आमची तक्रार आहे ती एकाच मापाविषयीं. माणसाचें संकट व जीवजातींचें संकट असे दोनच रकाने येथें आहेत. एकाच पाण्याकांठीं एकाचा लाभ तो दुसऱ्याची हानि ठरतो, त्याला रकाना नाहीं. आफ्रिकेंतील व्हिक्टोरिया सरोवर पाहा. १९५० नंतर त्यांत नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडण्यांत आला. १९८० नंतर तो अतोनात वाढला, आणि अन्यत्र कोठेंही न आढळणाऱ्या लहान सिक्लिड माशांच्या शेकडों जाती नाहींशा अथवा दुर्मिळ झाल्या. ते लहान मासे उन्हांत सहज वाळत. कांठच्या कुटुंबांचें तें स्वस्त अन्न होतें, आणि ते वाळवून विकण्यांत बायकांना चार पैसे मिळत. नाईल पर्च पडला चरबीचा. तो धुरावर सुकवावा लागतो, म्हणून सरपणासाठीं झाडें तुटूं लागलीं. पुढें त्याचे काप परदेशीं धाडणारे कारखाने निघाले, परकीय चलन आलें, पुष्कळांना रोजगारही मिळाला. मग या सरोवराची ‘सेवा’ वाढली कीं घटली? निर्यातीचा हिशेब ठेवणारा वाढली म्हणेल. मासे वाळविणाऱ्या बाईला कोणीं विचारलें काय?

‘परिसंस्थेच्या सेवा’ हा शब्दप्रयोगच मुळीं आमच्या कानांस खटकतो. आमच्याकडे सेवा नदीची करावयाची; तिच्याकडून करून घेण्याची भाषा चाकरीची झाली. शास्त्रज्ञांनीं हा शब्द निसर्गाची किंमत राज्यकर्त्यांच्या गळीं उतरविण्यासाठीं योजिला, हें मान्य. पण ज्याची किंमत ठरत नाहीं तें त्यामुळें हिशेबांतूनच गळतें.

न्यूझीलंडांतील व्हांगानुई नदीचे माओरी लोक तिला आपली पूर्वज मानतात. मार्च २०१७ मध्यें तेथील कायद्यानें त्या नदीस व्यक्तीचे अधिकार दिले, आणि तिच्या वतीनें बोलण्यास दोन प्रतिनिधि नेमण्याची तरतूद केली. एक माओरींचा, एक सरकारचा. वरील नकाशाच्या चौकोनांत जें मावलें नाहीं, तें या कायद्याच्या कलमांत मावलें आहे. तरीही तोंगारिरो वीजयोजनेकडे तिच्या उगमाजवळचें पाणी वळविलें जातें, तें त्या कायद्यानें थांबलें नाहीं. आणि चौकोनांत दिसतें तें एवढें वळविलेलें पाणीच.