आज्ञापत्रांतील आरमाराची छावणी

नागपुरास गांधीबागेंत बसून ‘आज्ञापत्र’ वाचणारास समुद्र दूर. म्हणून आम्ही दुर्गप्रकरण घोकतों. आरमारप्रकरणांतून आंबे-फणस तोडूं नयेत एवढेंच उचलतों. इ. स. १७१५ च्या सुमाराच्या या ग्रंथांत रामचंद्रपंत अमात्यांनीं पावसाळ्यापूर्वीं आरमार निर्धोक बंदरांत छावणीस न्यावें असें बजाविलें आहे. आमच्या मतें प्रकरणाचें मर्म तेथेंच आहे: लांकडी गलबत जसें शत्रूच्या तोफेनें, तसेंच नांगरावर वाऱ्यानेंहि फुटतें. सुवर्णदुर्ग बेटासमोरील हर्णै बंदर उघडें. म्हणून तेथील नौका आजहि आंजर्ल्याच्या खाडीचा आश्रय घेतात.

तथापि नियमास मर्यादा आहे. ता. ३ जून २०२० चें ‘निसर्ग’ वादळ पावसाळ्याच्या तोंडीं आलें. बंदरांत असूनहि होड्या फुटल्या. ता. ११ नोव्हेंबर २००९ चें ‘फयान’ तर कार्तिकांत, भर हंगामांत आलें. अशा अवकाळीं तुफानास छावणीचा नियम पुरत नाहीं.

पूर्वींच्या अशा हानीचा माग राजपत्रांत क्वचितच लागावयाचा. तो सुतारांच्या व तांडेलांच्या हिशेबांत शोधिला पाहिजे. मोर्तब नाहीं म्हणून असे कागद रद्दींत घालणाऱ्या संग्राहकांस आमची विनंती कीं, ते आधीं वाचावे, मग टाकावे.